रताळ्यांची गोणी येते, पण खायला कुणी नाही

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मी पुण्यात राहते. घरात नवरा, अकरा आणि सात वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. माझे वडील करमाळा तालुक्यात रताळी करतात. शिवरात्रीच्या आगेमागे आणि पुन्हा आषाढीला ते एसटीने वीस-पंचवीस किलोची गोणी पाठवतात. पहिले दोन दिवस आम्ही उकडून खातो. मग मुलं नाक मुरडतात आणि नवऱ्याला गॅसेस होतात. सासूबाईंना मधुमेह आहे, शिवाय त्यांचं म्हणणं, रताळं उपवासाचं, त्यात कांदा-लसूण घालून रोजच्या जेवणात आणायचं नाही. धुऊन फ्रिजमध्ये ठेवली तर तीही खराब झाली. यंदा अर्धी कामाच्या मावशींना दिली, काही चक्क कचऱ्यात गेली. बाबांचा फोन आला, "संपली का गं? अजून पाठवू?" मी म्हणाले, "संपली, छान होती." हे खोटं मनाला लागून राहिलंय. त्यांना "पाठवू नका" म्हणू, की घरच्यांना कसंही करून खायला लावू?
— एक लेक, पुणे

उत्तर

तुम्ही दोनच वाटा समोर ठेवल्या आहेत: बाबांना नाही म्हणायचं किंवा घरच्यांच्या गळी उतरवायचं. मला दोन्ही पटत नाहीत. आधी स्वयंपाकघराचं बघू, कारण तिथला गुंता सुटला की फोनवर काय बोलायचं हे तुमचं तुम्हालाच सुचेल.

"घरात कुणाला रताळी आवडत नाहीत" असा तुमच्या पत्राचा सूर आहे. पण तुमच्या पत्रात स्वयंपाकाची क्रिया एकच आहे, उकडणं. वीस किलो बटाटे आणून रोज नुसते उकडून वाढले असते तर मुलांनी बटाट्यालाही नाक मुरडलंच असतं. आपल्याकडे रताळं उपवासाच्या रकान्यात इतकं पक्कं बसलंय की एरवी चार भाज्यांवर चार तऱ्हा करणारी बाई रताळं दिसलं की थेट कुकर लावते. आणि कुकरच त्याला सगळ्यात जास्त मारक आहे. पाण्यात बुडवून तीन शिट्ट्या केल्या की सालीखालचा भाग गिळगिळीत होतो आणि चवही पातळ लागते.

याला कारण आहे. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते रताळ्यातल्या पिठाची साखर करतं, पण साधारण 60 ते 75 अंश सेल्सियस एवढ्या तापमानातच जोमाने काम करतं, त्याहून जास्त तापलं की निकामी होतं. कुकरमध्ये हा टप्पा भराभर ओलांडला जातो. मंद आचेवर, निखाऱ्यात किंवा राखेत रताळं या टप्प्यातून रेंगाळत जातं, म्हणून तेच रताळं चुलीतून निघालं की मधासारखं लागतं. तुमच्या लहानपणी बाबांनी शेतात भाजून दिलेलं रताळं आणि पुण्यातल्या कुकरमधलं रताळं एकाच वाफ्यातलं असलं तरी चवीला वेगळं लागणार, हे त्यामुळेच.

चूल नसली तरी जाड बुडाची लोखंडी कढई असेलच. मध्यम आकाराची, मनगटाएवढ्या जाडीची रताळी निवडा, माती पुसा आणि न सोलता कोरड्या कढईत एका थरात ठेवा. घट्ट झाकण ठेवून गॅस अगदी बारीक करा. पाणी आणि तेल, दोन्ही नको. दहा-बारा मिनिटांनी फिरवत राहिलात की पाऊण तासात साल सुरकुतते आणि एखाद्या ठिकाणी फुटून तिथे काळपट चिकट पाक जमा होतो. तो पाक दिसला की झालं समजायचं. एअर फ्रायर असेल तर 180 अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. गॅसच्या आचेवर जाळी ठेवून मात्र भाजू नका, वरून कोळसा होतो आणि आत कच्चं राहतं. असं भाजलेलं गरम रताळं फोडून वर लिंबू, मीठ, लाल तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की दिल्लीत हिवाळ्यात गाड्यांवर मिळणाऱ्या शकरकंदीच्या चाटच्या जवळ जातं. अकरा वर्षांच्या मुलाला हे आधी खायला द्या, "रताळं आहे" हे नंतर सांगा.

आता फ्रिजचं. कच्चं रताळं फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, आणि धुऊन तर नाहीच. साधारण 12-13 अंशांच्या खालची थंडी त्याला सोसत नाही. मग शिजवलं तरी मधे कडक गाठ राहते आणि बाहेर काढल्यावर ते लवकर सडतं. तुमची रताळी खराब झाली ती यामुळे, तुमच्या निष्काळजीपणामुळे नाही. गोणी आली की त्याच दिवशी उघडा आणि बाल्कनीच्या सावलीच्या कोपऱ्यात किंवा पलंगाखाली पोत्यावर पसरा. कुदळीचा घाव लागलेली, साल सोलवटलेली वेगळी काढा, ती पहिल्या आठवड्यात संपवायची. अखंड सालीची महिनाभर सहज टिकतात. उलट काढल्या काढल्या रताळं पिठूळ असतं, पंधरवडाभर ठेवलं की गोडी वाढते, म्हणजे पहिल्या दोन दिवसांत झोडपून संपवायची घाई मुळातच चुकीची. कोंब आले तर घाबरू नका. बटाट्याच्या कोंबात विष असतं, रताळ्याच्या कोंबात नसतं. एखादं कुंडीत खोचलंत तर वेल येईल आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

एका बाबतीत मात्र काटकसर करायची नाही. कापल्यावर आत काळे-तपकिरी बोगदे दिसले, उग्र वास आला किंवा चव कडू लागली, तर ते सोंड्या भुंग्याने किंवा बुरशीने धरलेलं असतं. तेवढा भाग काढून बाकीचं वापरू असं करू नका, सगळं टाका. त्यातली कडू द्रव्यं विषारी असतात आणि शिजवल्याने जात नाहीत.

मुलांसाठी आधी कीस शिका. साबुदाण्याची खिचडी जमते तिला हा जमतोच, पण बहुतेक घरांत त्याचा लगदा होतो. रताळं सोलून जाड किसणीने थेट पाण्याच्या पातेल्यात किसा. एकतर काळं पडत नाही, दुसरं म्हणजे वरवरचं पीठ पाण्यात सुटतं आणि कीस मोकळा राहतो. मुठीने घट्ट पिळून काढा. तूप जरा सढळ घ्या, जिरं तडतडलं की हिरवी मिरची टाका, कीस घाला आणि चमच्याऐवजी उलथन्याने खालून वर परता. झाकण तीन-चार मिनिटांपुरतंच ठेवा. कीस बोटाने दाबला की मोडतो, पण आकार धरून आहे, अशा वेळी मीठ, दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं घालून गॅस बंद करा. कूट आधी घातलं की ते ओल शोषतं आणि सगळं एकमेकांना चिकटतं. वर लिंबू हवंच. साखर घालायची गरज नाही. रताळ्याच्या किसात साखर घालणाऱ्यांचं मला कोडंच वाटत आलंय.

धाकट्यासाठी घाऱ्या करा. भोपळ्याच्या घाऱ्या करता तशाच. उकडलेलं रताळं कोमट असतानाच चांगलं मळून घ्या, त्यात बारीक चिरलेला गूळ, वेलची, चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढी कणीक. पाणी अजिबात घालू नका, गूळ विरघळला की पीठ आपोआप सैल होतं. म्हणून सुरुवातीलाच घट्ट मळायचं आणि लगेच थापून तळायचं, झाकून ठेवून दिलं की पुन्हा कणीक ढकलावी लागते आणि घाऱ्या चिवट होतात. तळण नको असेल तर त्याच पिठाच्या जाडसर पोळ्या तव्यावर तुपावर भाजा. डब्यात दुपारपर्यंत मऊ राहतात.

फिंगर चिप्सचा हट्ट असेल तर आधीच सांगते, बटाट्यासारखे कुरकुरीत होत नाहीत. साखर जास्त असल्याने आधी करपतात, मग मऊ पडतात. तांदळाच्या पिठाचा हलका हात देऊन मंद तेलात तळलेत तर बरे होतात. त्यापेक्षा पातळ चकत्यांची भजी जास्त यशस्वी. बेसनात ओवा घाला.

ओव्याची आठवण तुमच्या यजमानांमुळेही झाली. गॅसेसचा त्रास खोटा नसतो. पण दोन दिवस लागोपाठ बशी भरभरून रताळं खाल्लं, तेही घाईत अर्धकच्चं, तर कुणाच्याही पोटात गुडगुडणारच. एका वेळी एक मध्यम रताळं पुरे, पूर्ण शिजलेलं, जिरं किंवा आलं घालून, आणि शक्यतो दुपारच्या जेवणात. तरीही त्रास होत असेल तर त्यांनी खाऊ नये. पाच जणांपैकी एकाला एक पदार्थ मानवत नसेल, तर त्यासाठी रोज आर्जव करण्यासारखं काही नाही.

सासूबाईंचे दोन मुद्दे आहेत आणि ते वेगवेगळे हाताळायला हवेत.

मधुमेहाचा आधी. रताळं गोड म्हणून वर्ज्य, हे खरं नाही. आणि इंटरनेटवर फिरतं तसं "मधुमेहींसाठी वरदान" हेही खरं नाही. 100 ग्रॅम रताळ्यात साधारण 85-90 कॅलरी असतात आणि वीसेक ग्रॅम कर्बोदकं. कोरड्या साबुदाण्याच्या 100 ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आहेत आणि तो जवळजवळ निव्वळ पीठच. म्हणजे उपवासाला साबुदाण्याऐवजी रताळं खाल्लं तर त्यांचा फायदाच आहे. अडचण "ऐवजी" या शब्दाशी येते. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात तसं आपल्या ताटात खिचडीही असते, बटाट्याची भाजीही, राजगिऱ्याचा लाडूही आणि वर रताळ्याचे साखरेतले काप. मग साखर वाढली की दोष रताळ्याला!

त्यांच्यासाठी मात्र वर सांगितलेलं भाजणं नको. भाजताना जी गोडी येते ती पिठाची साखर झाल्यामुळेच येते, आणि भाजलेल्या रताळ्याने रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा बरीच जास्त चढते. चवीला जे उत्तम ते त्यांच्या रक्ताला जड. त्यांचं रताळं सालासकट उकडा, पाण्यात बुडवून नव्हे तर चाळणीत वाफेवर, आणि गार करून, दही आणि दाण्याच्या कुटाबरोबर कोशिंबिरीसारखं द्या. साधारण 100 ग्रॅम, म्हणजे एक लहान रताळं, आणि त्या वेळी एक पोळी कमी. घरी ग्लुकोमीटर असेल तर खाल्ल्यावर दोन तासांनी मोजा. त्यांच्या शरीराला ते कसं पडतं, याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा ते यंत्र देईल. किडनीचा त्रासही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, रताळ्यात पोटॅशियम भरपूर असतं.

दुसरा मुद्दा कांदा-लसणाचा. इथे मला वाटतं तुम्ही त्यांचं म्हणणं थोडं जास्त कडक ऐकलंत. "उपवासाच्या वस्तूत कांदा नको" याचा अर्थ "रताळं रोजच्या जेवणात नको" असा नाही. त्यांना विचारून बघा. आणि कांद्या-लसणाशिवाय रताळ्याची तिखट भाजी होत नाही असंही नाही. गोव्यातलं खतखतं हे त्याचं उत्तम उदाहरण. रताळं, सुरण, शेवग्याच्या शेंगा, मक्याच्या कणसाचे तुकडे, थोडी तुरीची डाळ, ओल्या खोबऱ्याचं वाटण, गूळ, आंबट आणि तिरफळं (कोकणातला उग्र वासाचा मसाला). कांदा नाही, लसूण नाही, देवाच्या नैवेद्यालाही चालतं. तिरफळं मिळाली नाहीत तर ते खतखतं होणार नाही, पण चांगली मिश्र भाजी नक्की होईल. सांबारात लाल भोपळ्याऐवजी रताळ्याच्या फोडी घाला, तेही त्यांच्या नियमात बसतं. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात पोपटी लावतात, म्हणजे मडकं भरून आगीत भाजतात, त्या मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर भांबुर्डीच्या पाल्यात रताळीही असतात आणि शेजारी अंडी, कोंबडीही. तुमच्या सासूबाईंना हे सांगायची घाई करू नका, पण तुमच्या मनातली उपवासाची चौकट सैल व्हायला उपयोग होईल.

"रताळ्यात अ जीवनसत्त्व असतं" हा मुलांना खायला लावायचा युक्तिवादही जपून वापरा. ते भरपूर असतं ते केशरी गराच्या रताळ्यात. लाल सालीच्या, पांढऱ्या गराच्या आपल्या नेहमीच्या रताळ्यात फार थोडं. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने भू सोना नावाचं केशरी वाण काढलंय, त्याच्या 100 ग्रॅममध्ये 14 मिलिग्रॅमच्या आसपास बीटा कॅरोटीन असतं. जांभळ्या गराचं भू कृष्णाही तिथलंच. आफ्रिकेत मुलांमधली अ जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढण्यासाठी केशरी रताळी घरोघर पोचवणाऱ्या शास्त्रज्ञांना 2016 चा जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. हे मुलांपेक्षा तुमच्या बाबांना सांगा. शेतकरी माणसाला नव्या वाणाची बातमी दिली की फोन लांबतो.

आणि आता तो फोन.

"पाठवू नका म्हटलं तर वाईट वाटेल" हे तुम्ही गृहीत धरलंय. वाटेलही. पण तुम्ही सांगायचंय ते "पाठवू नका" नव्हे, "एवढी पाठवू नका" हे. वीस किलोचा आकडा त्यांनी कुठून आणला, याचा विचार केलात का? गोणी वीस-पंचवीस किलोची भरते म्हणून ते तेवढी पाठवतात. तुमच्या घरात किती जण खातात याचा हिशेब त्यांच्याजवळ नाही, कारण तो तुम्ही कधी दिलाच नाही. उलट दरवर्षी "संपली, छान होती" असं उत्तर मिळाल्यावर पुढच्या वर्षी कमी भरण्याचं त्यांना काय कारण? त्यात शिवरात्र सरली की बाजार उतरतो, माल घरात पडून राहतो. तो लेकीकडे गेला तर निदान सार्थकी लागला, असं त्यांना वाटत असेल तर नवल नाही.

मावशींना दिलेल्या रताळ्यांना तुम्ही कचऱ्यात गेलेल्यांच्या शेजारी बसवलंय, ते मला अजिबात पटलं नाही. ती कुणाच्या तरी घरी शिजली आणि खाल्ली गेली. हे बाबांपासून लपवायचं कारणच काय? गावाकडे आलेला माल आळीत वाटला जातोच, त्यांना ही रीत तुमच्याआधीपासून ठाऊक आहे. "बाबा, अर्धी आमच्या मावशींना दिली, त्यांच्याकडे सगळे आवडीने खातात" हे खरं वाक्य "संपली" या खोट्यापेक्षा त्यांना जास्त सुखावेल असं मला वाटतं. कचऱ्यात गेलेल्या चार-पाच किलोंचा पंचनामा मात्र करत बसू नका. "मी धुऊन फ्रिजात ठेवली, त्यात काही गेली, कशी ठेवायची सांगा" एवढं पुरे. तुम्हाला आता उत्तर माहीत असलं तरी विचारा. आयुष्यभर कंद काढणाऱ्या माणसाकडे माझ्याहून बरंच काही असेल.

मग मागणी स्पष्ट करा. आषाढीला पाच-सहा किलो, मध्यम आकाराची, कारण फार पोसलेली दोरेदार निघतात. काढल्यावर आठवडाभर सावलीत पसरून, सालीचे ओरखडे भरले की मगच पोत्यात भरलेली.

सोसायटीतल्या कुणाला विकत हवी असतील तर तसंही बाबांना विचारता येईल. इथे मी थोडी सावध आहे. आषाढीच्या आधी चार घरांनी मिळून एक गोणी मागवली आणि पुण्यातल्या किरकोळ भावाने पैसे दिले, तर बाबांना बाजारापेक्षा बरे पैसे मिळतात. पण वजन करणं, पैसे गोळा करणं, "माझ्यात दोन किडकी निघाली" हे ऐकून घेणं, हे सगळं तुमच्या गळ्यात येईल. नोकरी, दोन मुलं आणि सासूबाईंचा आहार सांभाळून ते जमणार असेल तरच करा, आणि आधी बाबांची इच्छा बघा. लेकीकडे पाठवलेल्या मालाचे पैसे घेणं काही वडिलांना रुचत नाही.

घरात अजून काही शिल्लक असतील तर या आठवड्यात घाव लागलेल्यांच्या घाऱ्या करा आणि उरलेली पसरून ठेवा.

परदेशातल्या वाचकांसाठी एक जोड. अमेरिकेतल्या दुकानात मिळणारं केशरी, ओलसर गराचं रताळं, ज्याच्यावर कधी कधी 'याम' अशी चिठ्ठी असते, ते भाजायला आणि घाऱ्यांना छान, पण त्याच्या किसाचा हमखास लगदा होतो. किसासाठी जांभळट सालीचं आणि फिक्या, कोरड्या गराचं जपानी रताळं शोधा, ते आपल्या रताळ्याच्या बरंच जवळचं आहे. घाऱ्यांना केशरी वापरलंत तर गूळ निम्मा करा आणि कणीक जास्त लागेल हे धरून चाला.